सारायेव्होची वेढ्याची टूर, आईसोबत केलेली (मोठा रिव्ह्यू आहे)

आधी सरळ सांगून टाकते, सारायेव्हो ही बोस्नियाची राजधानी, 1992 ते 96 युद्धात वेढलेली होती, आणि त्या वेढ्याच्या आम्ही तिथे दोन टूर केल्या. पहिलीचे पैसे वाया गेले आणि दुसरी अशी होती की आई अजून फोनवर त्या गाईडची चौकशी करते, त्याच्या आईचे गुडघे कसे आहेत विचार गं म्हणते. रिव्ह्यू दुसरीचा आहे, पण पहिलीबद्दल दोन ओळी लिहिते कारण ऑनलाइन शोधलं की तसल्याच टूर आधी दिसतात. एका बुकिंग साइटवरून घेतली होती, 22 माणसं, मिनीबस, माईकवर पाठ केलेलं भाषण, आणि एका ठिकाणी बसमध्ये चक्क गोळीबाराचं रेकॉर्डिंग लावलं, वातावरण तयार व्हावं म्हणून. मग गोळ्यांनी चाळण झालेल्या एका भिंतीसमोर सगळ्यांना हेल्मेट घालून फोटो. आई बसमधून खाली उतरलीच नाही. नाव लिहीत नाही, पण ज्या जाहिरातीत थ्रिल आणि अ‍ॅडव्हेंचर असले शब्द असतील ती टूर घेऊ नका.

आता आम्ही तिथे गेलोच का, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी स्टुटगार्टला असते, आई डोंबिवलीला, पण तिचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. 1971 च्या डिसेंबरात ती नऊ वर्षांची होती. खिडक्यांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, भोंगा वाजला की सगळीकडे अंधार आणि चाळीतली पोरं जिन्याखाली जमून भुताच्या गोष्टी सांगायची. हे सगळं मी तिच्याकडून शंभर वेळा ऐकलंय आणि दर वेळी ती ते दिवाळीच्या सुट्टीसारखं सांगते. तेरा दिवसांत युद्ध संपलं, आपण जिंकलो, कागद काढले, काचेवर राहिलेली खळ पुढे कितीतरी महिने खरवडत होते म्हणे.

मग 2025 चा मे महिना. पहलगामनंतर ऑपरेशन सिंदूर झालं, देशभर मॉक ड्रिल, भोंगे, टीव्हीवर रात्रभर आरडाओरडा, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळे पेटलेले. मी पण लिहिलं, "आता एकदाचं होऊनच जाऊ दे." स्टुटगार्टमध्ये, सोफ्यावर बसून. त्याच दिवसांत पूंछमध्ये लोकांच्या घरांवर गोळे पडत होते, लहान मुलं गेली त्यात, ते मी नंतर नीट वाचलं. चार दिवसांनी तो मेसेज डिलीट करायला गेले तर वेळ टळून गेली होती, तो अजून तिथेच आहे. सप्टेंबरात आई आली तेव्हा कुठे जायचं हा प्रश्न आला आणि मी सारायेव्हो म्हणाले. आईला वाटलं डोंगर, नदी, जुना बाजार, स्वस्त. ते सगळं आहेच. पण माझ्या डोक्यात तो मेसेज होता.

तर ही टूर आम्हाला गेस्टहाऊसच्या मालकीणबाईंनी जुळवून दिली. वेबसाइट नाही, कंपनी नाही, एक माणूस आणि त्याची जुनी गाडी. दोघींचे मिळून 90 युरो, सकाळी 9 पासून दुपारी 4 पर्यंत, तिकिटं आणि जेवण वेगळं. माणूस 1982 चा, म्हणजे वेढा सुरू झाला तेव्हा दहा वर्षांचा आणि संपला तेव्हा चौदाला आलेला. इंग्लिश चांगलं. त्यानं नाव छापू नको सांगितलंय म्हणून फक्त गाईडच म्हणते. आईला तो पहिल्या मिनिटापासून "मायको" म्हणत होता, त्यांच्याकडे आईला अशी हाक मारतात, आणि आई त्याच्याशी सरळ मराठीत बोलत होती, मध्ये मी. बॅग ठेवायला डिकी उघडली तर आत पाण्याचे चार कॅन, पाच पाच लिटरचे, भरलेले. आईनं मला हळूच विचारलं, "गाडी गरम होते काय गं याची?"

पहिल्यांदा तो आम्हाला कुठल्या म्युझियमला नाही, वर टेकडीवर घेऊन गेला आणि नुसतं बघायला सांगितलं. शहर वाटीच्या तळाशी आहे, लांबट, मधून मिल्यात्स्का नदी, आणि चारी बाजूंनी डोंगर, सगळे इतके जवळ की घरांच्या खिडक्या मोजता येतात. पुण्याच्या वाचकांना सांगायचं तर पर्वती, वेताळ टेकडी, तळजाई, सगळीकडे तोफा लावल्यात आणि तुम्हाला रोज डेक्कनवर पाणी भरायला जायचंय, असं समजा. 5 एप्रिल 1992 ते 29 फेब्रुवारी 1996, 1425 दिवस. लेनिनग्राडचा वेढा 872 दिवसांचा होता. यूएनच्या अहवालात सरासरी दिवसाला 329 गोळे असा आकडा आहे आणि 22 जुलै 1993 ला एका दिवसात 3777. आईनं विचारलं, वरून मारणारे कोण होते? तो म्हणाला, बोस्नियन सर्ब सैन्य. मग थोडा थांबून म्हणाला, त्यातले काही जण याच शहरात शिकलेले, आणि खाली आमच्यातही सर्ब होते, आमच्या बाजूच्या सेनापतींमधले योवान दिव्याक सर्बच होते, वेढ्यात शहरासोबत राहिले आणि पुढे युद्धात आईबाप गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्यभर काम केलं. सगळी टूर त्यानं हे असंच चालवलं. एक वाक्य बोलायचा आणि ते फार सोपं झालंय असं वाटलं की लगेच त्याला दुसरं जोडायचा.

तिथून खाली उतरताना एक गोष्ट लक्षात येते, ती फोटोत कळत नाही. प्रत्येक उतारावर पांढरे दगड. कबरी. जवळ गेलं की साल बघायचं, 1992, 1993, 1994, 95. वेढा संपून जवळपास तीस वर्षं झाली तरी शहरात कुठेही उभं राहिलं तरी ते पांढरे दगड दिसतात, बाजारातून, ट्रामच्या खिडकीतून, हॉटेलच्या बाल्कनीतून सुद्धा. 1984 ला इथे हिवाळी ऑलिंपिक झालं होतं, ते झेट्रा स्टेडियम, युद्धात तिथल्या लाकडी खुर्च्या काढून शवपेट्या केल्या. आठ वर्षांचं अंतर आहे फक्त ऑलिंपिक आणि वेढ्यात. मला हे माहीतच नव्हतं.

मग बोगदा. विमानतळाजवळ बुटमिरला आहे, आता म्युझियम आहे तिथे. सारायेव्होत एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी हे सांगेन, पण कोणीतरी सोबत असू द्या, नाहीतर नुसता सव्वापाच फुटी बोगदा बघून बाहेर याल. गोष्ट अशी की विमानतळ यूएनच्या ताब्यात होता, मदतीची विमानं तिथेच उतरायची, साडेतीन वर्षं चालली ती विमानं, 12 हजारांवर फेऱ्या. पण शहरातल्या लोकांनी धावपट्टी ओलांडून बाहेर जायचं नाही असा नियम. रात्री लोक पळत ओलांडायचे, यूएनच्या गाड्यांचे दिवे अंगावर पडायचे आणि मग स्नायपर, म्हणजे लपून नेम धरणारे बंदूकवाले. म्हणून 1993 च्या मार्चमध्ये धावपट्टीच्या खालून खणायला घेतलं, दोन्ही बाजूंनी, कुदळ फावडी आणि ढकलगाड्या, रात्रंदिवस पाळ्या, मजुरी रोज एक सिगरेटचं पाकीट. कारण तेव्हा शहरात पैशाला किंमत नव्हती, सिगरेटला होती. 30 जूनला दोन्ही टोकं जुळली. साधारण 800 मीटर लांब, मीटरभर रुंद, उंची 1.6 मीटर. त्यातून धान्य, औषधं, हत्यारं, जखमी, नंतर रूळ टाकून छोट्या गाड्या, तेलाची पाइप, विजेची केबल. ज्या घराच्या खाली बुटमिरचं तोंड होतं त्या घरातल्या आजी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पाणी द्यायच्या.

आता वीसेक मीटरच आत जाता येतं. पायऱ्या आहेत, आईनं माझा हात धरून उतरल्या. आत मला वाकायला लागलं, आईला नाही. गाईड मागे होता. त्यानं सांगितलं तो 1994 मध्ये, बारा वर्षांचा असताना वडिलांसोबत यातून गेला होता, कांदे बटाटे आणायला. तो सरळ चालू शकला, वडील वाकून, पाठीवर पोतं, आणि पायात घोटाभर पाणी. परत आल्यावर वडिलांच्या कपाळावर तीन टेंगळं होती, आणि त्याची आई रडायच्याऐवजी हसत सुटली होती, कारण एवढे कांदे तिनं दीड वर्षात बघितले नव्हते.

बाहेर आल्यावर बाकावर बसलो तेव्हा मी तो प्रश्न विचारला जो बहुतेक सगळे विचारत असतील. हे सगळं बघितल्यावर युद्धाबद्दल तुला आता काय वाटतं? मला वाटलं होतं तो म्हणेल युद्ध वाईट, शांतता हवी, आणि मी मान हलवेन. तो म्हणाला, "आधी मला सांग, तुला कुठल्या माणसाचं उत्तर पाहिजे, माझं, माझ्या वडिलांचं का माझ्या आईचं? तीन वेगळी आहेत आणि आम्ही तिघं एकाच तळघरात होतो."

वडिलांचं असं की 1991 च्या सप्टेंबरात सुरक्षा परिषदेनं सगळ्या युगोस्लाव्हियावर (बोस्निया तेव्हा त्याच देशाचा भाग) शस्त्रबंदी घातली. कागदावर सगळ्यांना सारखी. पण जुन्या युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा आणि रणगाडे आधीच एका बाजूच्या, म्हणजे सर्बांच्या, हातात होते, त्यामुळे बंदीचा फटका दुसऱ्या बाजूला. वडील खंदकात होते तेव्हा तिघांमध्ये एक रायफल, पाळीनं वापरायचे. त्यामुळे वडिलांच्या समोर कोणी नुसतं शांतता शांतता केलं की ते उठून निघून जातात. त्यांच्या मते शांतता म्हणणारे लोक निळी टोपी घालून चार वर्षं बघत बसले होते. (आईनं इथे विचारलं आपले लोक होते का त्यात. होते. यूएनच्या त्या फौजेचे पहिले प्रमुख, मार्च 1992 पासून वर्षभर, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. गाईडला नाव माहीत होतं, मला नव्हतं.)

त्याचं स्वतःचं उत्तर सांगायला त्याला वेळ लागला. 28 ऑगस्ट 1995 ला मार्काले बाजारात गोळा पडून 43 माणसं गेली आणि दोन दिवसांनी नाटोची विमानं आली, डोंगरावरच्या तोफांवर बॉम्ब टाकायला लागली. तो तेरा वर्षांचा. बिल्डिंगमधली सगळी गच्चीवर गेली, पहिल्यांदाच न घाबरता गच्चीवर, आणि टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, "मला आजही वाटतं ते बॉम्ब टाकायला हवे होते, तीन वर्षं आधी टाकायला हवे होते. आणि मला हेही माहितीये की डोंगरापलीकडच्या तळघरात माझ्या वयाची पोरं होती आणि त्यांना काय ऐकू येत होतं. ते कळायला मला पंचविशी उजाडली." आता त्याच्यासोबत काम करणारी एक गाईड तिकडची आहे, कधी कधी दोघं मिळून टूर करतात. तसं जमलं तर तशीच घ्या, आम्हाला ती नव्हती मिळाली.

त्याच्या आईचं उत्तर त्यानं जेवताना सांगितलं. जेवणाबद्दल पण सांगते कारण शाकाहारी लोक विचारतील. बुरेक (पातळ पोळीत सारण भरून भाजतात) म्हटलं की आत मांस असणारच, ते घेऊ नका, सिर्नित्सा मागा, ती चीजची, झेल्यानित्सा पालकाची, क्रोम्पिरुशा बटाट्याची. आईला बटाट्याची फार आवडली, मिरची नाही एवढीच तक्रार. तर गाईडच्या आईचं उत्तर म्हणजे एक वाक्य आहे, "सामो दा ने पुत्सा". म्हणजे काहीही होऊ दे, फक्त गोळीबार नको. बोस्नियात त्या पिढीच्या तोंडी हे सारखं असतं म्हणाला. पगार नाही, पोरं जर्मनीला निघाली, हॉस्पिटलात लाच द्यावी लागते, सगळ्यावर उत्तर तेच, असू दे, गोळीबार तर नाही ना. आणि हे नेत्यांना पक्कं माहिती आहे. निवडणूक जवळ आली की दोन्ही तिन्ही बाजूचे पुढारी युद्धाची भाषा सुरू करतात, प्रत्यक्षात काही करायचं नसतं, पण लोकांच्या पोटात गोळा येतो आणि ते पुन्हा त्याच माणसांना मत देतात. युद्ध संपवणाऱ्या 1995 च्या डेटन करारानं देशाचे जे भाग पाडले ते तसेच आहेत, सारायेव्होतून बाहेर पडलं की थोड्याच वेळात रिपब्लिका स्रप्स्काची, म्हणजे सर्बांच्या भागाची, पाटी लागते, आणि तिथल्या आणि इथल्या शाळेत याच चार वर्षांचा इतिहास वेगवेगळा शिकवतात.

मला हे ऐकून बसायलाच झालं. माझा समज असा की ज्यानं युद्ध भोगलं तो शहाणा होतो, शांततावादी होतो. आणि इथे एक माणूस ताट पुढे ओढून शांतपणे सांगत होता की युद्धानं आमच्या आईला इतकं घाबरवलं की तिला आता काहीही चालतं, आणि यालाही मी युद्धाचंच नुकसान धरतो. तो आईवर चिडला नव्हता. "फटाके वाजले की ती अजून बाथरूममध्ये जाऊन बसते," म्हणाला, "तिला मी काय शिकवू?" माझ्या आईनं हे ऐकलं आणि तिच्या पानातली अर्धी क्रोम्पिरुशा त्याच्या पानात टाकली.

दुपारचा भाग शहरातला. झ्माया ओद बोस्ने हा रुंद रस्ता, ज्याला तेव्हा स्नायपर अ‍ॅली म्हणायचे कारण तिथून जाणाऱ्यायेणाऱ्यांवर स्नायपर गोळ्या झाडायचे, तिथून आम्ही मुद्दाम ट्रामनं गेलो. गाईडनं ट्राममध्ये काहीच सांगितलं नाही, उतरल्यावर म्हणाला, बघितलं, किती लोक मोबाइलमध्ये होते? हेच दाखवायचं होतं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही खिडकीतून डोंगरच बघत बसला असता. या गोळीबारासाठी आणि तोफांसाठी बोस्नियन सर्ब सैन्याच्या जनरल स्तानिस्लाव्ह गालिचला हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टात 2006 मध्ये जन्मठेप झाली, सामान्य लोकांत दहशत पसरवणं हा युद्धगुन्हा म्हणून शिक्षा होण्याची ती पहिलीच केस.

फुटपाथवर जिथे गोळा पडून माणसं गेली तिथल्या खड्ड्यांत लाल रेझिन भरलंय, सारायेव्होचे गुलाब म्हणतात. बरेचसे आता झिजलेत. आईनं चप्पल काढून बाजूनं वळसा घातला, तिला कोणी सांगितलं नव्हतं. मोठ्या पार्कमध्ये मेलेल्या मुलांचं स्मारक आहे, काचेचं, आणि बाजूला धातूचे नळकांड्यासारखे खांब, हातानं फिरवता येतात, त्यावर नावं, पाचशेच्या वर. कारंज्याच्या कड्यावर पावलांचे ठसे आहेत, ते त्या मुलांच्या भावंडांचे, जी जगली. तिथे आम्ही दहा मिनिटं बसलो असू. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली जी पहिल्या टूरवाल्यांनी टाळली होती. ट्रेबेविच डोंगरावर काझानी म्हणून एक दरी आहे. वेढ्याच्या काळात शहराच्याच बाजूच्या एका तुकडीच्या म्होरक्यानं तिथे शहरातल्या लोकांना, मुख्यतः सर्बांना, नेऊन मारलं. 2021 मध्ये तिथे स्मारक लागलं, आणि मारणारे कोण ते त्यावर लिहिलेलं नाही म्हणून लोकांनी टीका केली. गाईडचं म्हणणं की हे न दाखवता मी बोगदा दाखवला तर मी पण निवडणुकीतल्या पुढाऱ्यासारखाच झालो. या एका गोष्टीसाठी माझे पाच स्टार आहेत.

शेवटचं म्युझियम म्हणजे वॉर चाइल्डहूड म्युझियम, लोगाविना गल्लीत. दोन हजार दहा साली यास्मिन्को हालिलोविच नावाच्या तरुणानं, तो स्वतः वेढ्यात वाढलेला, इंटरनेटवर एक प्रश्न टाकला, तुमच्यासाठी युद्धातलं बालपण म्हणजे काय, उत्तर 160 अक्षरांत द्या. हजारावर उत्तरं आली, मग लोक वस्तू पण द्यायला लागले, आणि 2017 ला म्युझियम झालं, पुढच्या वर्षी युरोप परिषदेचं म्युझियम पारितोषिक मिळालं. मोठं नाही, तासभर पुरतो. एक वस्तू, बाजूला ती ज्याची त्यानं सांगितलेली छोटी गोष्ट, बस. बॅले शूज, मदतीच्या पाकिटांचे जपून ठेवलेले कागद, खेळणी. तोफा बंदुका नाहीत. कोणत्या बाजूचं मूल हे पण म्युझियम बघत नाही, आणि आता युक्रेनच्या आणि सीरियाच्या मुलांच्या वस्तूही जमवतात. कागद तर मी बराच वेळ बघत होते, कारण मी पण चॉकलेटच्या चांद्या वहीत ठेवायचे. गाईड म्हणाला आम्ही गोळ्यांचे तुकडे जमवायचो, मोठ्या तुकड्याला दोन छोटे असा भाव, आणि गरम तुकडा उचलला तर भाव जास्त. आणि शाळा तळघरात भरायची.

इथे आई पहिल्यांदा स्वतःहून बोलली. म्हणाली, "त्याला सांग, मी पण युद्धात खेळले होते. जिन्याखाली. मला वाटायचं मज्जा." मी सांगितलं. त्यानं विचारलं, किती दिवस? आई म्हणाली, तेरा. तो हसला नाही, मान हलवली आणि म्हणाला, "आम्हाला पण पहिले तेरा दिवस मज्जाच वाटली होती, मायको. शाळा बंद होती." त्यानंतर आई गाडीपर्यंत काही बोलली नाही. रात्री खोलीत मला म्हणाली की भोंगा वाजला की तिची आई, म्हणजे माझी आजी, दिवा घालवून देवासमोर बसायची आणि हात थरथरायचे, हे तिला आज आठवलं. इतकी वर्षं ती गोष्ट सांगताना आजी त्यात कधी नसायचीच.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. एक, सात तास खूप होतात, पन्नाशीच्या वरच्यांना दोन दिवसांत वाटून द्या, तो तयार असतो. दोन, बोगद्यापाशी सकाळी 11 नंतर बसेस येतात, आधी पोचा. तीन, टॉयलेट आधीच शोधून ठेवा, डोंगरावर काही नाही. चार, बाश्चार्शियाच्या जुन्या बाजारात काझांजिलुक नावाची गल्ली आहे, अगदी आपली पुण्याची तांबट आळी, तसाच ठोक ठोक आवाज, तशीच भांडी, आणि तिथे तोफगोळ्यांच्या आवरणावर नक्षी करून फुलदाण्या आणि बंदुकीच्या गोळ्यांची पेनं विकतात. आईला ते बघवलं नाही, मला पण नाही. गाईडला विचारलं तर म्हणाला, घ्या नाहीतर नका घेऊ, वेढ्यात तांबं मिळत नव्हतं तेव्हा त्या कारागिरांनी हेच ठोकून पोट भरलं, त्याला नावं ठेवायला मी जाणार नाही. आम्ही तांब्याचा कॉफीचा सेट घेतला, साधा. चलन मार्क आहे, एका युरोला जवळपास दोन, थोडे रोख ठेवा. व्हिसाचं म्हणाल तर माझ्याकडे जर्मनीचं परमिट आणि आईकडे मल्टिपल एन्ट्री शेंगेन होता, त्यावर चाललं, पण नियम जायच्या आधी बघून घ्या.

आणि मुलांना न्यायचं का? बारा वर्षांच्या वर असतील तर न्या, या टूरला न्या, त्या हेल्मेटवाल्या टूरला नको.

डिकीतल्या पाण्याचं राहिलं. परत येताना नदीपलीकडची ब्रुअरी लागली, लाल मोठी इमारत, तिच्या खालच्या झऱ्यावर वेढ्यात अर्धं शहर पाणी भरायचं, आणि त्या रांगेवर पण गोळे पडले. गाईड दहा वर्षांचा असल्यापासून तिथे जायचा, कारण मोठा माणूस दिसला की स्नायपर मारतो, मुलाला कदाचित नाही मारणार, असा घरच्यांचा हिशोब. तो हिशोब चूक होता हे त्या पार्कमधली नावं सांगतात. घरी त्याची आई अजून रोज रात्री आंघोळीचा टब भरून ठेवते, आणि डिकीतले कॅन त्याचे स्वतःचे, रिकामे असले की त्याला झोप येत नाही. आम्हाला दिवसभर त्यातलंच पाणी दिलं होतं, त्यामुळे दोन संपले होते, तर पुढच्या गल्लीत एका सार्वजनिक नळाशी गाडी थांबवली. आई उतरली. गिरगावात पाणी पहाटे पाचला यायचं आणि पाऊण तासात जायचं, ही गोष्ट तिनं त्याला मराठीत सांगितली, पूर्ण, मला भाषांतर करू न देता. मग दुसरा कॅन स्वतः घेतला, नळाखाली तिरका धरला म्हणजे शिंतोडे उडत नाहीत, काठोकाठ भरला, झाकण आवळलं आणि डिकीत ठेवला.

टूर तिथे संपते. पूल ओलांडला की ट्रामचा स्टॉप आहे.